गिरगावातील एका विद्यार्थिनीसाठी डिजिटल पियानोची निवड : एक प्रकरण अभ्यास

पियानो शिकू लागलेल्या मुलासाठी कोणता कीबोर्ड घ्यावा, हे मुंबईतील पालक शिक्षकाला बहुधा पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच विचारतात आणि उत्तर म्हणून त्यांना एखाद्या मॉडेलचे नाव हवे असते. मी पियानो शिकवते आणि असे नाव लगेच सांगण्याचे टाळते, कारण निवड योग्य ठरते की नाही हे त्या मुलाचा हात, त्या घरातली जागा, हाताशी असलेले पैसे आणि मुलाला नेमके काय शिकायचे आहे, या सगळ्यांवर अवलंबून असते. एका कुटुंबाच्या बाबतीत हा निर्णय कसा झाला, ते येथे सविस्तर मांडले आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

विद्यार्थिनी नऊ वर्षांची होती. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि अरुंद. घरात आई, वडील आणि आजोबा. आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, त्यामुळे मुलीचे बोट आयुष्यात पहिल्यांदा पट्टीवर पडले ते त्यांच्याच पेटीवर. पुढे मामाने वाढदिवसाला ६१ पट्ट्यांचा एक कीबोर्ड दिला आणि त्यावर ती ऐकलेली गाणी आपणहून बसवू लागली, म्हणून आईने तिला माझ्याकडे आणले. माझ्याकडे ती आठवड्यातून एकदा अपराइट, म्हणजे उभ्या पेटाऱ्याच्या पियानोवर शिकत असे आणि रोजचा सराव घरच्या कीबोर्डवर करत असे.

काही महिन्यांनी एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली. नेमून दिलेला धडा ती घरून पाठ करून येई, सूर आणि बोटांचा क्रम बिनचूक असे. परंतु पियानोवर बसली की मधलेच सूर गळून पडत. पांढरी एकपासून (पाश्चात्त्य ‘सी’) ओळीने पाच सूर वाजवताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट नीट वाजे, चौथ्या बोटाचा सूर पुसट येई आणि करंगळीचा बहुतेक वेळा येतच नसे. जवळून पाहिले तेव्हा करंगळी पट्टीवर पडताच तिचे टोकाचे पेर आत मोडत होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मुलगी सगळा हातच खाली ढकलत होती. असा ढकललेला सूर मग शेजारच्या सुरांच्या दुप्पट मोठा वाजे. डाव्या हाताची साथही उजव्या हाताइतकीच जोरात येत असे आणि "डावा हात हळू" असे सांगितले की ती त्या हाताची लय हळू करत असे. "बाई, घरी तर ती सगळं बरोबर वाजवते," असे आईने मला सांगितले आणि त्यात काही खोटे नव्हते. घरच्या वाद्यावर ते खरोखरच बरोबर ऐकू येत होते.

त्या कीबोर्डला स्पर्शाची जाण नव्हती. पट्टी हलकेच दाबा वा जोरात आपटा, सूर सारख्याच आवाजात येणार. आवाज कमीजास्त करायचा तर बटण फिरवायचे. अशा वाद्यावर कमकुवत करंगळी आणि भक्कम अंगठा यांच्यातला फरक मुलाला कधीच कळत नाही, कारण तो फरक वाद्य त्याच्यापर्यंत पोहोचवतच नाही. मुलीच्या कष्टात किंवा कुवतीत काही उणे नव्हते, आणि हे मला पालकांना सर्वांत आधी सांगावेसे वाटले. तोवर घरात "सराव कमी पडतो" अशी बोलणी तिला बसू लागली होती.

आजोबांचा प्रश्न

नवे वाद्य घ्यावे लागेल, असे मी सुचवल्यावर पहिला प्रश्न आजोबांनी विचारला. "बाई, पेटीवर हिचा हात चांगला बसलाय. पट्ट्या त्याच, सूर तेच. मग पियानोला वेगळं काय लागतं?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मराठी घरांतून पियानोकडे येणाऱ्या अनेक मुलांचे पहिले वाद्य पेटीच असते आणि तिची सवय कुठे उपयोगी पडते व कुठे आड येते, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही.

पेटीत सूर भात्यातल्या हवेवर चालतो. पट्टी ही हवेची वाट उघडणारी झडप असते. ती उघडी आहे तोवर आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो आणि त्याचा जोर डाव्या हाताने भाता कसा मारला यावर ठरतो. त्यामुळे उजव्या हाताच्या बोटांनी फक्त वेळेवर उघडझाप करायची असते. पियानोत भाता नाही. पट्टी खाली गेली की आतला हातोडा तारेकडे फेकला जातो, तारेवर आदळून मागे येतो, आणि एकदा फेकला गेल्यावर त्या सुराचा जोर वाजवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणजे सूर मोठा की लहान, हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावरच ठरते आणि तो वेग प्रत्येक बोटाला स्वतंत्रपणे शिकावा लागतो. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास हे वाद्य घडवले ते नेमके याच गुणासाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे आणि बोटाच्या जोराने सुराचा जोर जवळजवळ बदलत नसे.

स्पर्शाची जाण नसलेला कीबोर्ड म्हणजे, आजोबांच्याच भाषेत सांगायचे तर, भाता नसलेली पेटी. पेटीवाल्याला निदान भात्याने भाव आणता येतो. येथे तेही नाही. हे ऐकल्यावर आजोबांनी पेटी काढली, भाता एकसारखा ठेवून एक ओळ वाजवली, मग तीच ओळ भाता कमीजास्त करत वाजवली, आणि मुलीच्या वडिलांना उद्देशून म्हणाले, "हे हिच्या बोटांतून यायला हवं, असं बाई म्हणतायत." त्या घरातला निर्णय माझ्या मते तिथेच झाला, पुढे उरली ती वाद्याची निवड.

पेटीमुळे तिचा फायदाही पुष्कळ झाला होता. कान तयार होता, सप्तकातील जागा पक्क्या होत्या, काळ्या पट्ट्यांची भीती नव्हती. डावा हात मात्र भात्यावर वाढलेला होता, पट्ट्यांवर नव्हे. हे सारे लक्षात घेतल्याशिवाय अशा मुलाला नवशिके म्हणणे बरोबर नाही.

पर्यायांची छाननी

कुटुंबाने सगळा खर्च धरून ४५,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती. खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये १४० सेंमी रुंदीची भिंत मोकळी होती आणि तिच्यासमोरून स्वयंपाकघरात जाण्याची वाट होती.

वडिलांच्या मनात जुना अपराइट पियानो घेण्याचा विचार होता. मला तो विचार मनापासून आवडला असता, पण या घरासाठी तो योग्य नव्हता. अपराइट पियानोचे वजन साधारण दोनशे किलोच्या घरात असते आणि तो त्या जिन्याने वर नेणे जवळपास अशक्य होते. शिवाय मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तारा गंजतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, हातोड्यांवरच्या नमद्याला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, कसर लागते. वर्षातून निदान दोनदा सूर लावून घ्यावा लागतो, आणि दुर्लक्षित जुना पियानो स्वस्तात मिळाला तरी त्याच्या दुरुस्तीत चांगला डिजिटल पियानो येईल एवढा पैसा जाऊ शकतो.

दुसरा पर्याय स्पर्शाची जाण असलेल्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डचा होता. कॅसिओ सीटी-एस३०० किंवा यामाहा पीएसआर-ई३७३ ही त्यातली परिचित नावे. किंमत बरीच कमी, वजन हलके आणि जुन्या कीबोर्डपेक्षा निश्चितच वरचढ. ज्या घराला याहून अधिक खर्च परवडत नाही, त्या घराला मी हेच सुचवते आणि त्यावर पहिले वर्ष चांगले जाते. मात्र या पट्ट्या स्प्रिंगवर चालतात आणि सबंध पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी २७ येथे नसतात. या मुलीचा दोष बोटांच्या बळाचा होता. तिच्या करंगळीला खरे वजन पेलण्याचा सराव हवा होता आणि तो हलक्या पट्टीवर मिळाला नसता.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ऑनलाइन खरेदीत ‘८८ कीज’ असे ठळक लिहिलेली बरीच स्वस्त वाद्ये दिसतात. पट्ट्यांची संख्या आणि पट्टीचे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सेमी-वेटेड’ पट्टी बहुतेक वेळा स्प्रिंगचीच असते, तर ‘हॅमर अ‍ॅक्शन’ किंवा ‘फुली वेटेड’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तेथे पट्टीला आत खरा भार जोडलेला असतो आणि खालच्या सप्तकातील पट्ट्या बहुधा वरच्यांपेक्षा थोड्या जड ठेवलेल्या असतात. वडिलांनी असेच एक ८८ पट्ट्यांचे वाद्य जवळजवळ मागवले होते. वर्णनात हॅमर हा शब्द कुठेही नव्हता, म्हणून ते बाजूला ठेवले.

परीक्षेचाही विचार झाला, कारण आईला मुलीने पुढे ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात असे वाटत होते. अशा परीक्षा घेणाऱ्या ट्रिनिटी कॉलेज लंडनचा पियानोचा अभ्यासक्रम वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा वेगळा आहे. कीबोर्डच्या अभ्यासक्रमात ताल व साथ वाद्याकडून वाजवून घेण्याचे कौशल्य अपेक्षित असते. म्हणजे मामाने दिलेल्या प्रकारचे वाद्य निरुपयोगी नाही, ते दुसऱ्या विद्येचे वाद्य आहे. एबीआरएसएम या दुसऱ्या परीक्षा मंडळाच्या पियानो परीक्षेत डिजिटल पियानो चालतो, परंतु पूर्ण आकाराच्या, वजनदार, स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या आणि सूर लांबवणारे सस्टेन पेडल असावे लागते. मुलीला विचारले तेव्हा तिने पियानोच शिकायचे असे सांगितले.

धोबी तलावला

हॅमर अ‍ॅक्शनची तीन वाद्ये यादीत उरली : यामाहा पी-१४५, कॅसिओ सीडीपी-एस११० आणि रोलँड एफपी-१०. गिरगावातून धोबी तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि १८६५ पासून चालत आलेल्या फुर्ताडोजसह वाद्यांची दुकाने त्या भागात आहेत, त्यामुळे प्रत्यक्ष हात लावून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. मुलीला सोबत नेण्याचा आग्रह मी धरला. वाद्य तिच्या हातासाठी होते. मोठ्यांच्या बोटाला जे हलके वाटते ते नऊ वर्षांच्या बोटाला जड असू शकते.

दुकानात विक्रेते साहजिकच किती आवाज आहेत, किती ताल आहेत ते आधी दाखवतात. आम्ही पहिली परीक्षा वाद्य बंद ठेवून केली. वीज नसताना पट्टी दाबली की ती कशी खाली जाते, तळाशी कशी थांबते, सोडल्यावर किती तत्परतेने वर येते आणि दाबताना खडखडते का, एवढेच पाहायचे. मग मोजपट्टी लावून मोजले. पूर्ण आकाराच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंमी भरतात. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक कीबोर्डांत हे माप कमी असते आणि तेथे बसलेला हात पियानोवर चुकतो.

वाद्य चालू केल्यावरची परीक्षा मुलीने स्वतः केली. एक पट्टी जितकी सावकाश दाबता येईल तितकी सावकाश दाबायची. पियानोवर असे केले तर हातोडा तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि सूर येत नाही. डिजिटल वाद्यात पट्टीखाली एकामागोमाग मिटणारे दोन किंवा तीन सेन्सर असतात. ते मिटण्यातला वेळ मोजून वाद्य पट्टीचा वेग काढते आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांसाठी १९८३ मध्ये आलेल्या मिडी या पद्धतीत तो वेग १ ते १२७ अशा आकड्याने नोंदवला जातो. तिन्ही वाद्यांवर तिला सूर न काढता पट्टी तळापर्यंत नेता आली. मग तिने त्याच पट्टीवर नखाएवढा बारीक सूर काढला, मग थोडा मोठा, मग आणखी मोठा. हे तिने करंगळीनेही करून पाहिले आणि जमत नाही असे दिसल्यावर हाताने न ढकलता पुन्हा करून पाहिले. जो दोष शब्दांत सांगून तिला कळत नव्हता, तो त्या काही मिनिटांत तिच्या कानाला कळला.

स्पर्शाच्या दृष्टीने मला रोलँड सर्वांत पसंत पडला; पट्टी हळू दाबताना तळाच्या जरा आधी खऱ्या पियानोसारखा हलका अडथळा त्यात जाणवतो. पण तो १२.३ किलोचा, तिघांत सर्वांत जड, आणि स्टँड व बाक धरून मर्यादेच्या बाहेर जात होता. यामाहा आणि कॅसिओ या दोन्हींवर मुलीचा हात जवळजवळ सारखा बसला. पट्ट्या तर तिन्हींच्या ८८. निर्णय शेवटी दोन साध्या कारणांनी झाला. सीडीपी-एस११० ची खोली २३२ मिमी आहे आणि पी-१४५ ची २६८. ज्या खोलीतून दिवसभर स्वयंपाकघरात ये-जा चालते, तेथे साडेतीन सेंमी लहान वाटली तरी आईने ती मागितली आणि ते योग्य होते. दुसरे म्हणजे या कॅसिओच्या पट्ट्यांचा पृष्ठभाग किंचित खरखरीत आहे. मुंबईच्या हवेत वर्षातले बरेच महिने बोटांना घाम असतो आणि गुळगुळीत पट्टीवरून लहान बोट घसरते. या मुलीचे तर सततच घसरत असे. किंमतही अशी होती की स्टँड, बाक आणि हेडफोनसाठी पैसे उरले, म्हणून कॅसिओच घेतला. मोठे घर आणि थोडे अधिक पैसे असते, तर मी याच मुलीला रोलँड सुचवला असता.

एका वेळी किती सूर वाजू शकतात याचा आकडा, म्हणजे पॉलिफनी, वडिलांना फार महत्त्वाचा वाटत होता. कॅसिओ व यामाहात तो ६४ आणि रोलँडमध्ये ९६ आहे. पहिल्या काही वर्षांच्या धड्यांना ६४ पुरतात.

घरात बसवताना

वाद्य निवडण्याइतकेच ते कसे ठेवायचे हे महत्त्वाचे असते, आणि येथेच बहुतेक घरांत हयगय होते. कुटुंबाचा विचार ते जेवणाच्या टेबलावर ठेवण्याचा होता. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंमी उंच असते. त्यावर वाद्य ठेवले की पट्ट्या ८० सेंमीच्या वर जातात, मुलाचे खांदे कानांकडे ओढले जातात आणि मनगट खाली पडते. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ ते ७३ सेंमीवर असतो. वाद्याच्या तळापासून पट्टीपर्यंतची उंची मोजून ती यातून वजा केली आणि तेवढ्याच उंचीचे चार पायांचे लाकडी स्टँड ओळखीच्या सुताराकडून करून घेतले. बाजारातील एक्स आकाराचे स्टँड स्वस्त मिळते, पण जोरात वाजवताना ते हलते आणि गुडघे त्यात अडकतात. मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून पायांखाली पाट ठेवला. लोंबत्या पायांनी बसलेल्या मुलाच्या पाठीला आधार राहत नाही आणि बोटांत जोर येत नाही.

हेडफोन लावला म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही, असा समज असतो. सूर ऐकू जात नाहीत हे खरे, पण वजनदार पट्टी तळाशी आदळण्याचा धप्प असा आवाज लाकडी तक्तपोशीतून खालच्या मजल्यावर जातो. खालच्या बिऱ्हाडातून दुसऱ्याच आठवड्यात विचारणा झाली. स्टँडच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे आणि त्याखाली सतरंजी घातल्यावर तो पुष्कळ कमी झाला आणि रात्री नऊनंतर वाजवायचे नाही असे ठरले. सरावाचा निम्मा वेळ हेडफोनशिवाय वाजवावा, असेही मी सांगितले. खोलीत पसरलेला स्वतःचा सूर ऐकण्याची सवय लागायला हवी.

पावसाळ्यासाठी वाद्य खिडकीपासून दूर सरकवले. झाकायला प्लॅस्टिक वापरू नये, आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीचे आच्छादन पुरते. अडॅप्टर वाद्यासोबत आलेलाच वापरावा आणि काम झाल्यावर काढून ठेवावा.

पुढे काय झाले

पहिले दोन आठवडे मुलीला नवे वाद्य आवडले नाही. हात दुखतात, अशी तिची तक्रार होती आणि ती खरी होती. सलग पाऊण तास बसण्याऐवजी सकाळी व संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटे असा सराव बांधून दिला. मनगट ताठ दिसले की थांबायचे, ही जबाबदारी आजोबांनी घेतली. त्यांनी ती काटेकोरपणे पाळली, कधी कधी माझ्यापेक्षाही.

त्यानंतर पियानोवरचे गळणारे सूर हळूहळू भरून येऊ लागले. करंगळीचे पेर आता बहुतेक वेळा उभे राहते. दमल्यावर अजून मोडते. डावा हात हळू वाजवणे आणि लय हळू करणे या दोन गोष्टी तिला वेगळ्या करता येतात. एखादी ओळ घरी वाजवताना "येथे माझा सूर मोठा आला" असे ती स्वतः आजोबांना सांगते, असे आईने कळवले. शिक्षक म्हणून मला यापेक्षा अधिक काही नको होते. माझ्याकडच्या पियानोची पट्टी घरच्यापेक्षा अजूनही तिला वेगळी लागते आणि ती लागणारच. साप्ताहिक धडा खऱ्या पियानोवर होणे म्हणूनच आवश्यक आहे.

मामाने दिलेला कीबोर्ड आजोबांकडे गेला आहे. सगळे सूर वर-खाली सरकवणारे ट्रान्सपोजचे बटण वापरून मंडळातील प्रत्येकाच्या पट्टीत सूर देता येतो, हे त्यांना उपयोगी वाटते. त्यांची स्वतःची पट्टी, काळी दोन, मात्र ते पेटीवरच घेतात.

वाद्यासोबत आलेले छोटे पेडल फक्त चालू-बंद होणारे आहे आणि ते फरशीवर सरकते, म्हणून त्याखाली रबराची चटई चिकटवली आहे. सध्याच्या धड्यांना पेडल लागत नाही. पेडल अर्धे दाबण्याची गरज असलेल्या रचना काही वर्षांनी येतील, तेव्हा वाद्य बदलायचे का, याचा विचार मुलीचा हात आणि पाय किती वाढले आहेत ते पाहून करायचा, आणि तोवर काहीही नवे विकत घ्यायचे नाही, असे कुटुंबाशी ठरले आहे.